खैरवशीचे डबके

खैरवशी गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये, एक मोठे पाणी आहे. या काठावरून हाक मारली तर त्या काठाला आवाज पोचतो, पण शब्द कळत नाहीत, एवढे ते रुंद आहे. वैशाखातही ते आटत नाही. या पाण्याला आम्ही डबके म्हणतो. फाट्यावरच्या पाटीवरही बाण काढून 'डबके' असेच लिहिले आहे. पाटी वाचून आलेले पाहुणे बांधावर चढले की आधी हसतात आणि मग विचारतात, याला डबके कोणी म्हटले?

त्याचे उत्तर केरबानाना देतात. बांधाखाली पाणी सोडायची जी दगडी मोरी आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या नानांच्या कोळी घराण्याच्या ताब्यात आहे. नानांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. सांगताना ते एक शब्द कधीही तोंडातून काढत नाहीत. तिथे ते थांबतात आणि हाताने पाणी दाखवतात. लिहिताना तसे करता येत नाही, म्हणून तो शब्द मी पुढे लिहिला आहे. तोंडाने मीही उच्चारलेला नाही.

गेल्या माघात जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम करणाऱ्या केतकी सबनीस नावाच्या बाई गावात आल्या. प्रत्येक गावचे डोंगर, ओढे, खिंडी, पाणवठे बघायचे, त्यांची नावे लिहून घ्यायची आणि नावापुढे प्रकार भरायचा, असे त्यांचे काम होते. प्रकारांची यादी वरून ठरून आलेली होती. बाई बांधावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाना, नाव डबके ते ठीक आहे. पण प्रकार तळेच ना?"

नानांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावर कोणी नव्हते.

"हळू बोला, बाई."

"का हो?"

"घाई हाय का तुमाला?"

"आहे ना. संध्याकाळपर्यंत अजून चार गावं करायची आहेत."

"मग डबकं लिवा आन्‌ जावा. घाई नसंल तर बसा, का ते सांगतो."

बाई बसल्या. नानांनी जे सांगितले ते असे.

फार जुनी गोष्ट आहे. राज्य कोणाचे होते यावर गावात दोन मते आहेत आणि ती दोन्ही मते धरणारी घरे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून ते सोडून देऊ. त्या राज्याने म्हणे सगळ्या मुलखाची यादी करायला काढली होती. कोणता डोंगर, कोणती टेकडी, कुठे ओढा, कुठे तळे, सगळे प्रकारवार लिहायचे. हे काम रंगोपंत नावाच्या एका कारकुनाकडे होते. एक घोडा, एक दौत आणि बरोबर दोन शिपाई घेऊन तो गावोगाव फिरे. प्रकार ठरवायची त्याची रीत सरळ होती. चढताना घोड्याला दोनदा थांबवावे लागले तर डोंगर, एकदा थांबवावे लागले तर टेकडी. पाण्यात घोडा घातल्यावर त्याचे पोट भिजले तर तळे, पाणी गुडघ्याच्या खाली राहिले तर डबके. घोडा बाहेर आला की गावातल्या एका जाणत्या माणसाने ओंजळीत तेच पाणी घेऊन प्रकार सांगायचा आणि मग पंत लिहिणार.

गावांना या यादीची धास्ती होती. कारण जिथे तळे लिहिले जाई, तिथे दसऱ्यानंतर लष्कराचा मुक्काम पडे. खैरवशीहून दोन कोसांवर आडवळ नावाचे गाव होते. आदल्या वर्षी तिथे तळे लिहिले गेले. मग हजारो घोडी, बैल, हत्ती आले आणि सव्वा महिना राहिले. लष्कर गेले तेव्हा तळ्यात चिखल होता, चिखलात मेलेली जनावरे होती आणि विहिरींनाही वास येत होता. शिमग्याच्या आत आडवळची माणसे भांडीकुंडी घेऊन निघून गेली. ती पुन्हा आली नाहीत. आज तिथे नुसते पांढऱ्या मातीचे टेकाड आहे.

त्यामुळे पंत चार दिवसांत येणार अशी बातमी आली, तेव्हा खैरवशीत धांदल उडाली. वैशाख चालू होता. पाणी खाली गेले होते, तरी मध्ये दोन पुरुष खोल होते. त्यात घोडा घातला असता तर पोट भिजणे दूरच, तो पोहला असता. सुभानजी पाटलांनी गाव गोळा केला. मोरी सांभाळणारा हैबती कोळी हा त्या वेळचा गावातला जाणता माणूस. पाणी हातात घेऊन सांगायची वेळ त्याच्यावर येणार होती. तो कधी खोटे बोलत नाही हे पाच गावांना माहीत होते आणि पाटलांना त्याचीच काळजी होती.

"हैबती, मधी गाळ हाय, घोडं रुततंय असं सांगू. पंत काठावरनंच परत फिरंल. तू नुस्तं म्हन, डबकं हाय. एक शबूद तर हाय."

"पाटील, ह्येच पानी हातात घिऊन ह्या पान्याबद्दल खोटं बोलू? मग उद्या ह्यात घागर कशी बुडवू?"

"घागर बुडवायला गाव तर ऱ्हायला पायजे का नगं?"

 हैबती बराच वेळ पाण्याकडे बघत बसला, असे सांगतात. मग उठून म्हणाला, "मी डबकं म्हनावं असं वाटतंय ना? मग डबकं करू."

आधी कोणाला कळलेच नाही. कळले तेव्हा बायकांनी आरडाओरडा केला. पाऊस यायला महिना होता. एक महिना प्यायचे काय, गुरांना पाजायचे काय? पण लष्कर आले तर एका महिन्याचा प्रश्न नव्हता, कायमचाच होता. कोणालाच दुसरे काही सुचले नाही. त्या दुपारी हैबतीने आपल्या हाताने मोरीचा दगड काढला.

पाणी दोन दिवस धावत होते. खालच्या ओढ्याची वाळू ते पीत होती. तिसऱ्या दिवशी पाणी मोरीच्या तोंडाखाली गेले आणि तिथेच थांबले. मध्ये अजून छातीभर होते. आता बांध फोडण्याशिवाय इलाज नव्हता. तो बांध हैबतीच्या आजोबांनी आणि गावाने मिळून नऊ वर्षे माती वाहून घातलेला होता. पहिली कुदळ हैबतीने मारली. खणत खणत मोरीच्याही खाली गेल्यावर पाणी वाटेला लागले. चौथ्या दिवशी सकाळी खाली नुसता काळा चिखल होता आणि मध्ये गुडघ्याएवढे पाणी. चिखलात मासे उड्या मारत होते. हैबतीचे घर त्या माशांवर चालत असे. पण त्या दिवशी एकही मासा कोणी उचलला नाही. कोणाला धीरच झाला नाही म्हणे.

अमावस्येचा दिवस होता. उन्हे वर आली तेव्हा पंत आला. लोक काठावर उभे होते. पंताने घोडा आत घातला. खुरे बुडाली. पुढे गेला, नडगी भिजली. सगळ्या गावाचे डोळे घोड्याच्या पोटाकडे लागले होते. घोडा मध्यावर गेला, तिथे थोडा थांबला, मान खाली घालून पाणी प्यायला आणि दुसऱ्या काठाने वर आला. त्याचे पोट कोरडे होते. सुभानजी पाटलांनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले.

पंताने दौत उघडली आणि हैबतीला बोलावले. हैबती खाली उतरला. ओंजळीत गढूळ पाणी घेऊन तो समोर उभा राहिला. पंताने विचारले, "काय आहे हे?"

"आज डबकं हाय," हैबती म्हणाला.

पंताने लेखणी उचलली आणि तशीच धरली. "आज म्हणजे?"

पाटील मागून खुणा करत होते. हैबतीच्या बोटांमधून पाणी गळत होते. तो म्हणाला, "चार दिवसांमागं तळं हुतं, पंत. आमी फोडलं. पाऊस झाला, बांध घातला, म्हंजी पुन्यांदा तळं हुईल. हातात पानी हाय, मला दुसरं बोलता यायचं न्हाई."

 पाटलांनी डोक्याचे पागोटे काढून हातात घेतले. शिपाई एकमेकांकडे बघू लागले. चार दिवस, बांध, पाणी, मासे, सगळे फुकट गेले असे प्रत्येकाला वाटले.

पंत घोड्यावरून उतरला. माणसाच्या डोक्याच्याही वर, खडकावर पाण्याची ओली रेघ अजून दिसत होती. त्याने ती पाहिली. फोडलेल्या बांधाची ताजी माती पाहिली. मग तो माशांजवळ जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "आडवळचे तळे मीच लिहिले होते. काल तिथून आलो. प्यायला पाणी मागायला दार नाही."

शिपायांना त्याने घोडा घेऊन पुढे जायला सांगितले. ते गेल्यावर तो हैबतीला म्हणाला, "मी डबके लिहितो. पण यादी वर जाते. वर ती वाचणारे आहेत. पावसानंतर कोणी या वाटेने आला, त्याने हे भरलेले पाहिले आणि गावातल्या एका पोरानेही याला तळे म्हटले, तर मला विचारतील. आणि मला विचारणे म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी मान तुमच्या जिभेवर आहे, एवढे ध्यानात ठेवा."

पाटील लगेच म्हणाले, "कोनी म्हननार न्हाई. मी गावाला बजावतो."

पण पंत हैबतीकडे बघत होता. खोटे न बोलणारा माणूस रोज खोटे कसे बोलणार, ही शंका त्याच्या तोंडावर दिसत होती.

हैबती म्हणाला, "पंत, माझ्या लेकाची दोन पोरं दगावली. तिसऱ्याचं नाव आमी दगडू ठिवलं. का, तर त्याला नजर लागू नये. आता तो दगड हाय का? सोन्यासारखं पोर हाय. नाव ठिवनं म्हंजी खोटं बोलनं नव्हं. आजपासनं ह्याचं नाव डबकं."

पंत हसला, असे सांगतात. त्या चार दिवसांत कोणी हसलेले तेवढेच. मग त्याने लिहिले आणि तो खिंडीकडे निघून गेला.

त्या महिन्यात गावाने काय सोसले ते नाना थोडक्यात सांगतात. चिखलात खड्डे खणून वाटीवाटीने पाणी काढले. गुरे पाहुण्यांकडे धाडली, त्यातली निम्मी परत आली नाहीत. हैबतीची म्हातारी आई त्याच उन्हाळ्यात गेली. बांध पुन्हा घातला तो पहिल्या सरी अंगावर घेत. पाऊस चांगला झाला आणि भाद्रपदात पाणी खडकावरच्या जुन्या रेघेला लागले. इतर वर्षी एवढे पाणी आले की गाव ओट्या भरायला जाई. त्या वर्षी कोणी गेले नाही. पाणी दिसले की लोक मान फिरवत. नव्या नवरीला उंबरा ओलांडायच्या आधी काठावर आणून तिच्याकडून 'डबके' म्हणवून घेत. झोपेत बरळणाऱ्या एका माणसाला त्याची बायको म्हणे दसऱ्यापर्यंत गोठ्यात झोपवत असे. नको तो शब्द शेजाऱ्याच्या कानावर जायचा!

दसरा झाला. एके दिवशी खिंडीच्या पलीकडे धूळ उठली. ती दिवसभर उठत होती. बायामाणसे घरात दारे लावून बसली. संध्याकाळी धूळ खालच्या वाटेने पुढे सरकली आणि दिसेनाशी झाली. लष्कर आले नाही. यादीत तिथे मुक्कामाजोगे काही नव्हते.

गाव वाचले. पण पंताचे काय झाले ते कळले नाही.

एक वाटसरू सांगून गेला, की लष्करातल्या एका माहुताला खिंडीतून लांबवर पाणी चमकताना दिसले आणि त्यावरून कोणा कारकुनाला पकडून किल्ल्यावर नेले. दुसऱ्याने सांगितले, की पंत नोकरी सोडून तळकोकणात आपल्या घरी गेला आणि नारळीच्या झाडांना पाणी घालतो. तिसऱ्याने असा कोणी पंतच ऐकला नव्हता. पाटील म्हणाले, "आपन शबूद पाळला. आता काय करायचं?" हैबतीला मात्र ते पुरले नाही. माहुताला पाणी दिसले असेल तर ते आपणच भरले होते, हे त्याच्या मनातून जाईना.

पुढच्या वैशाख अमावस्येला, पंत आला त्या तिथीला, हैबती उपाशीपोटी शिवेवर जाऊन बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, "पंत खुशाल हायती का?" लोक म्हणत, कोण पंत? तो रंगोपंताचे वर्णन करी. लोक मान हलवून पुढे जात. दिवस बुडाला की तो घरी येई आणि न जेवता निजे. अशी अकरा वर्षे गेली. गावातले लोक त्याची समजूत घालत, काही जण टिंगलही करत. तो ऐकून घेई आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाई.

बाराव्या वर्षी बांगड्यांची माळ खांद्यावर घेतलेला एक कासार त्या वाटेने आला. ऊन कडक होते. म्हातारा हैबती झाडाखाली बसला होता, त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्याने विचारले, "पंत खुशाल हायती का?"

कासार थांबला. तो लांबच्या मुलखातला होता. पंत कोण, हा म्हातारा कोण, त्याला काही ठाऊक नव्हते. त्याने हैबतीच्या तोंडाकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "खुशाल आहेत, बाबा. तुमची आठवण काढतात."

हैबती उठला, घरी आला आणि भाकरी मागून जेवला. कासाराला काही माहीत नव्हते हे गावाला ठाऊक होते. हैबतीलाही ते ठाऊक असणार, असे नाना म्हणतात. पण त्या दिवशी त्याला कोणी तसे बोलून दाखवले नाही.

इथपर्यंत सांगून नाना थांबले. सबनीसबाईंनी मांडीवरची मोबाइलसारखी मोठी पाटी चालू केली. प्रकारांची यादी त्यांनी नानांना दाखवली. तिच्यात तळेही होते आणि डबकेही होते. पण प्रत्येकापुढे लांबी-रुंदी ठरवून दिलेली होती आणि आकाशातून काढलेला पाण्याचा फोटोही जोडायचा होता. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, नावात मी डबके लिहिते. ते कोणी बदलणार नाही. पण प्रकारात डबके भरले तर ते खोटे होईल हो. मला खोटे भरता येत नाही."

नानांनी पाण्याकडे पाहिले. मग म्हणाले, "न्हाई, खोटं नगाच भरू. आमच्या हैबतीनंबी भरलं नसतं." आणि जरा वेळाने, "बाई, खाली तुमचं नाव येतं का त्यात?"

"येतं. माहिती कोणी भरली त्याचं नाव असतं."

"वरचे लोक वाचत्यात?"

"वाचतात."

"मग तुमाला कोनी काय विचारनार तर न्हाई ना? दोन्हीकडं दोन लिवलं म्हनून?"

बाईंना आधी हसू आले. मग त्यांनी नानांकडे पाहिले आणि त्यांचे हसू थांबले. "नाही विचारणार, नाना," त्या म्हणाल्या. पण नानांचे समाधान झालेले दिसले नाही. गाडी फाट्यावर वळेपर्यंत ते बांधावर उभे होते. बाईंचा फोन नंबर घ्यायचे आम्हा कोणाच्याच लक्षात आले नाही.

आजही खैरवशीत त्या पाण्याला डबकेच म्हणतात. नवी नवरी आजही आधी काठावर येते आणि मग उंबरा ओलांडते. आणि आजही वैशाख अमावस्येला गावात चूल पेटत नाही. सकाळपासून चार माणसे शिवेवर जाऊन उभी राहतात आणि वाटेने येणाऱ्या पहिल्या परक्या माणसाला विचारतात. त्याने 'खुशाल आहेत' म्हटले, की निरोप गावात येतो आणि घराघरातून धूर निघतो. जवळपासच्या लोकांना हे ठाऊक आहे, ते लगेच सांगून टाकतात. नवखा असला तर वेळ लागतो, त्याला चुचकारावे लागते.

या वर्षी पहिला आला तो सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर, परमुलखातला. गुडघे दुखतात म्हणून सहा वर्षे नाना शिवेवर गेले नव्हते. या वर्षी ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून गेले. त्यांनीच ट्रकला हात केला. ड्रायव्हरने काच खाली केली. नानांनी विचारले, "पंत खुशाल हायती का?" आणि त्याने काही बोलायच्या आत, कोणी सांगितलेले नसताना, पुढे विचारले, "आन्‌ बाई?"

ड्रायव्हर गोंधळला. त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती.

"दोघंही खुशाल आहेत, आबा," तो म्हणाला.